राजीनामा इतक्यात नको

प्रश्न : ताई, मी अमरावतीची. इंग्रजी घेऊन एमए आणि त्यानंतर बीएड केले. अभियोग्यता चाचणी देऊन ‘पवित्र’ या शासनाच्या शिक्षकभरती पोर्टलवरून निवड झाली आणि यंदा जूनअखेरीस यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातील हायस्कुलात शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. आठवी ते दहावीचे इंग्रजी माझ्याकडे आहे. नववीच्या निम्म्या मुलांना साधे वाक्य वाचता येत नाही. वर्गात फक्त इंग्रजीतूनच बोलायचे असे मी ठरवले होते, पण मुले खाली मान घालून गप्प बसतात. स्टाफरूममधले ज्येष्ठ सर म्हणतात, ‘गाइडमधली उत्तरे लिहून द्या, निकाल लागतो.’ दिवाळीनंतर वर्ग अर्धा रिकामा असतो. मी तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहते. एसटीने येऊन-जाऊन, रात्री पाठांचे टाचण लिहिता लिहिता आणि शासनाच्या पोर्टलवर ऑनलाइन माहिती भरता भरता अकरा वाजतात. मागच्या आठवड्यात नववीतल्या एका मुलाला वाचायला उभे केले. त्याला पहिली ओळही येईना. मी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘उद्यापासून बहिणीचे पहिलीचे पुस्तक घेऊन ये.’ वर्ग हसला. तेव्हापासून तो शाळेत आलेला नाही. आई म्हणते, नागपूरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत अर्ज कर. मी शिक्षिका होण्याच्या लायकीचीच नाही असे वाटते. राजीनामा देऊ का?

उत्तर : तुमच्या पत्रात पाच-सहा अडचणी आहेत, पण तातडीची एकच आहे आणि ती तुम्ही जवळजवळ शेवटी लिहिली आहे. म्हणून आधी त्या मुलाचे पाहू, राजीनाम्याचे नंतर.

शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. नववीतला मुलगा बहुधा त्या वयाच्या पुढे गेलेला असतो, त्यामुळे तो शाळेतून गळाला तर त्याला शोधत कोणी घरापर्यंत येईलच याची खात्री देता येत नाही. त्यातून सध्या कापसाची वेचणी सुरू आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, घरातला प्रत्येक हात त्या दिवसांत कामाचा असतो, आणि शाळेत न गेलेल्या मुलाला ‘काऊन गेला नाहीस’ असे विचारायला घरी कोणी थांबलेले नसते. असे चार आठवडे निघून गेले आणि हातात पैसे येण्याची सवय लागली की तो मुलगा परत येणे फार अवघड होते. तेव्हा याच आठवड्यात त्याच्या घरी जा. एकट्या जाऊ नका. शाळेतल्या शिपायांना सोबत घ्या, कारण कोणाचे घर कुठे आहे, घरची माणसे शेतातून कधी परततात आणि बाप कोणत्या स्वभावाचा आहे, हे त्यांना मुख्याध्यापकांपेक्षा अधिक ठाऊक असते. आठवडी बाजाराचा दिवस साधता आला तर उत्तम, कारण पुष्कळ गावांत त्या दिवशी मजूर शेतात जात नाहीत आणि माणसे घरी भेटतात.

घरी गेल्यावर काय बोलायचे याचा विचार आधीच करून ठेवा. त्याला वाचता येत नाही हा विषय वडिलांसमोर काढू नका; तसे केलेत तर वर्गात झाले ते त्याच्या घरातही होईल आणि वर मार बसेल तो वेगळाच. ‘आठवडाभर दिसला नाही, म्हणून विचारपूस करायला आले’ एवढे मोठ्यांना पुरे. चहा ठेवला जाईल, तो नाकारू नका. मग मुलाला अंगणात बाजूला घेऊन सांगा की त्या दिवशी मी बोलले ते चुकले. तुमचा थकवा, चुकलेली एसटी, निकालाचे दडपण यांतले काहीही त्या वाक्याला जोडू नका. तो बहुधा जमिनीकडे पाहत म्हणेल, ‘मॅडम, मले नाई जमत ते इंग्लिश.’ त्यावर ‘जमेल, जमेल’ असे लगेच म्हणू नका, कारण हे त्याने इतक्या वर्षांत पुष्कळांकडून ऐकले आहे. त्याऐवजी त्याला शब्द द्या की महिनाभर वर्गात वाचायला उभे करणार नाही, आणि तो पाळा. तो परत आला की त्याचे कौतुकही करू नका. सगळ्यांसमोर झालेले कौतुक त्याला पुन्हा सगळ्यांच्या नजरेत आणील, आणि सध्या त्याला नेमके तेच नको आहे.

आता वर्गाच्या गप्प बसण्याविषयी. तुम्ही त्याला अनास्था समजला आहात असे पत्रावरून दिसते; मला ती भीती वाटते. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झाले, म्हणजे तुमच्या नववीतल्या मुलांनी कागदोपत्री आठ वर्षे इंग्रजी शिकलेले आहे. आठवीपर्यंत सहसा कोणी मागे ठेवले जात नाही, आणि दोन शिक्षकांवर चार-पाच इयत्ता चालणाऱ्या शाळेत प्रत्येकाला अक्षर ओळखता येते की नाही हे पाहायला वेळ कोणाकडे असतो? ही मुले वर्षानुवर्षे फळ्यावरचे वहीत उतरवत आली आहेत. त्यांचे अक्षर अनेकदा देखणे असते आणि वही पूर्ण असते, पण आपण काय लिहिले हे त्यांना सांगता येत नाही. ही गोष्ट उघडी पडू नये यासाठी गप्प बसणे हा त्यांनी शोधलेला शहाणा उपाय आहे. तुमच्या त्या एका वाक्याने काय झाले असेल ते यावरून ध्यानात येईल : गप्प राहणे सोडले तर काय होते, हे सगळ्या वर्गाने त्या दिवशी पाहिले.

आणखी एक गोष्ट. तुमच्या वर्गात घरी वऱ्हाडी बोलणारी मुले आहेत, आणि त्या भागाचा विचार करता एखाद्या पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणारी, घरी कोलामी बोलणारी मुलेही असतील. त्यांच्यासाठी पुस्तकातली मराठी हीच आधी शिकावी लागलेली भाषा आहे. तिथे चाळीस मिनिटे निव्वळ इंग्रजी बोलणे हे बीएडच्या सराव पाठात निरीक्षकांसमोर शोभते; रोजच्या तासिकेला ते चालत नाही. उठा-बसा, पुस्तक उघडा, फळ्याकडे बघा, कळले का, अशी दहा-बारा वाक्ये रोज न बदलता इंग्रजीत बोला. ती महिन्याभरात अंगवळणी पडतील. अर्थ मात्र मराठीतून सांगा आणि मुलांना वऱ्हाडीतून उत्तर देऊ द्या.

वाचनाची सुरुवात पाठ्यपुस्तकापासून करण्याचा हट्ट तूर्त सोडा. एक दिवस मुलांना विचारा की शेतात आणि घरात वापरल्या जाणाऱ्या कोणत्या वस्तूंची नावे इंग्रजी आहेत. मोटर, स्टार्टर, फ्यूज, थ्रेशर, ट्रॅक्टर, कल्टिव्हेटर, स्प्रे पंप, ड्रिप, रिचार्ज, असे शब्द येऊ लागले की मागच्या बाकावरची मुलेही बोलतील, कारण ‘स्टार्टर’ काय असतो हे तुमच्यापेक्षा त्यांना अधिक चांगले माहीत आहे. ते शब्द रोमन अक्षरांत फळ्यावर लिहा. शब्दाचा उच्चार आणि अर्थ मुलाला आधीच ठाऊक असतो, त्यामुळे त्याला फक्त अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायची राहते. ‘स्टार्टर’च्या शेवटची (er) आणि ‘ट्रॅक्टर’च्या शेवटची (or) अक्षरे वेगळी असूनही कानाला सारखीच का लागतात, असा प्रश्न एखादी मुलगी विचारील. तो दिवस तुमचा चांगला गेला असे समजा. बियाण्याच्या पिशव्या आणि फवारणीच्या औषधांच्या बाटल्यांवरची लेबले यांवरही वाचायला पुष्कळ असते. बाटल्या मात्र वर्गात मागवू नका, मोबाइलवर लेबलाचा फोटो काढून तो मोठा करून दाखवा. यवतमाळात फवारणीतून झालेल्या विषबाधेने 2017 साली शेतकरी आणि मजूर दगावले आहेत, हे तुम्हाला माहीत असेलच. त्या लेबलावरचा धोक्याचा शब्द घरात एकाला तरी वाचता येणे हे तुमच्या विषयाचे फार मोठे काम आहे.

कोणाला किती वाचता येते हे मात्र प्रत्येकाला एकट्याला व्हरांड्यात बोलावूनच पाहा, बाकीचा वर्ग लिहिण्याच्या कामाला लावून. एका मुलाला दोन मिनिटे पुरतात. ज्यांना अक्षरेच ओळखता येत नाहीत, ज्यांना शब्द येतात पण वाक्य येत नाही आणि ज्यांना वाचता येते, अशी नावे स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. ती वही मुलांच्या हाती लागू देऊ नका.

हजेरीविषयी तुम्हाला वाटते तेवढा दोष मुलांकडे नाही. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन काढणीला येते आणि त्यापाठोपाठ कापूस, जो थंडीभर वेचला जातो. वेचणीला मुली आधी जातात, कारण त्यांचे हात त्या कामाला चपळ मानले जातात. जुलै ते सप्टेंबर आणि पुढे संक्रांतीनंतर हे तुमचे खरे शिकवण्याचे महिने आहेत. नवा भाग त्या महिन्यांत घ्यावा आणि वेचणीच्या दिवसांत उजळणी, वाचन आणि तोंडी काम करावे, म्हणजे गैरहजर राहिलेली मुलगी परत आल्यावर अगदीच परकी होत नाही. वार्षिक नियोजनाच्या तक्त्यात हे बसत नसेल तर मुख्याध्यापकांशी बोला. गावात वर्षे काढलेल्या मुख्याध्यापकांना हे समजावून सांगावे लागत नाही.

ज्येष्ठ सरांशी भांडू नका. दहावीपुरते त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्या मुलांना 80 गुणांची लेखी कृतिपत्रिका सोडवायची आहे त्यांना आता मुळाक्षरांपासून सुरुवात करून सगळे शिकवणे शक्य नाही. पत्रलेखन, उताऱ्यातून थेट उचलता येणारी उत्तरे, तक्ता पाहून लिहायचा परिच्छेद, यांचा सराव करून घेणे हे त्यांच्यावर उपकारच आहेत. 20 गुणांच्या तोंडी परीक्षेसाठी मात्र प्रत्येकाकडून चार वाक्ये खरोखर बोलून घ्या, नुसते गुण भरू नका. आठवी-नववीला गाइडची उत्तरे लिहून देण्याचे कारण नाही. त्यांच्या हातात अजून वर्ष-दोन वर्षे आहेत.

रात्री अकरा वाजेपर्यंतच्या कामापैकी पोर्टलवर माहिती भरण्याचे काम तुम्हाला टाळता येणार नाही. तक्रार करून तुमचे रक्त आटेल एवढेच. टाचण मात्र थोडक्यात लिहा, आणि ते शाळेतल्या मोकळ्या तासाला लिहून संपवा. नव्या शिक्षकाचा मोकळा तास बदली तासात जातो हे मला ठाऊक आहे, तरी आठवड्यातले दोन तास मागून घ्या. मागितल्याशिवाय ते मिळत नाहीत.

राहिला राजीनामा. नोव्हेंबर-डिसेंबर हा तुमच्या शाळेचा सगळ्यांत वाईट काळ आहे, आणि तुम्ही वर्षाचा हिशेब याच महिन्यांवरून मांडत आहात. 2023 पासून माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिना 18,000 रुपये मानधन मिळते आणि तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी लागते. मोठ्या शहरातली खासगी शाळा कदाचित आज याहून थोडे जास्त देईल, पण ती कायम करील की नाही हे लेखी असल्याशिवाय धरून चालू नका. तुमच्या आईचा जीव तुटतो, हे स्वाभाविक आहे. परंतु रोज रात्री फोनवर तिला दिवसभराचे सगळे सांगत असाल तर तिने दुसरा सल्ला द्यावा तरी कसा? लायकीचा प्रश्न तर मला पटतच नाही. एका मुलाच्या न येण्याने जिची झोप उडते तिला हे काम शिकता येते. आठवडाभर मूल आले नाही तरी ज्यांच्या लक्षात येत नाही, असे शिक्षकही निवृत्तीपर्यंत नोकरी करतात.

दहावीची परीक्षा आणि नववीचा निकाल होऊ द्या. नागपूरला मुलाखतीला जायचेच असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत जा, आणि जाताना तुमची ती व्हरांड्यातली वही सोबत न्या. तिच्यात जूनपूर्वी किती मुलांची नावे एका यादीतून दुसऱ्या यादीत गेली ते बघा आणि मगच निर्णय घ्या. तोवर राजीनाम्याचा मसुदाही करून ठेवू नका.