मुलगी मैत्रिणींना गणित समजावत बसते. दहावीच्या वर्षी हे बंद करावं का?

ताई, बंद करू नका, हे आधीच सांगते.

तुम्ही लिहिलंय की मुलगी दहावीत आहे, घर घणसोलीत. संध्याकाळी सोसायटीतल्या दोन मैत्रिणी आणि खालच्या मजल्यावरचा एक मुलगा वह्या घेऊन तुमच्याकडे येतात आणि बहुतेक वेळ तुमचीच मुलगी बाकीच्यांना समजावत असते. तिचे पप्पा म्हणतात, बोर्डाचं वर्ष आहे, दुसऱ्यांची गणितं सोडवून हिला काय मिळणार? तुम्हा दोघांचाही गणिताशी संबंध सुटलेला, त्यामुळे चाललंय तो अभ्यास की टाइमपास, हे कळायला मार्ग नाही.

मी नवी मुंबईतल्या एका शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवत होते, आता निवृत्त आहे. कोपरखैरण्याला राहते. आमच्या भागात माथाडी कामगारांची घरं पुष्कळ. वडील भल्या पहाटे मार्केटला जातात, आईही कुठे ना कुठे कामाला असते. अशा घरातल्या मुलाचं गणित रात्री आठ वाजता अडलं तर त्याने विचारायचं कोणाला? शेजारच्या बिल्डिंगमधल्या वर्गमित्रालाच. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात नववी-दहावीची मुलं अशीच येऊन बसतात. मी तिथे असते, पण शिकवते थोडं आणि ऐकते जास्त. जे सांगतेय ते त्या ऐकण्यातून आलेलं आहे.

तुम्ही एकच गोष्ट बघा, पेन्सिल कोणाच्या हातात आहे. तुमची मुलगी स्वतः भराभर लिहून 'हे बघ, असं' म्हणत वही पुढे सरकवत असेल, तर तिच्या पप्पांची तक्रार खरी आहे. त्यात दोघांचाही वेळ जातो. पण पेन्सिल मैत्रिणीच्या हातात असेल आणि तुमची मुलगी 'पुढची ओळ काय येईल?', 'हे कशावरून म्हणतेस?' असं विचारत असेल, तर त्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त तीच शिकतेय. नोरीन वेब या अमेरिकन संशोधिकेने गटात गणितं सोडवणाऱ्या शाळकरी मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. कारणासकट समजावून सांगणाऱ्या मुलांची प्रगती चांगली दिसते आणि नुसतं उत्तर मिळालेल्यांना त्याचा उपयोग होत नाही, असंच त्यातून पुढे आलं. वर्गात उभं राहून मलाही तेच दिसत आलंय.

समजावणाऱ्याला काय मिळतं, हे तिच्या पप्पांना सांगण्यासाठी एक उदाहरण देते. वर्गसमीकरणांच्या धड्यातलं साधं गणित होतं, एक्सचा वर्ग बरोबर ५ एक्स. एका मुलीने दोन्ही बाजूंना एक्सने भागलं आणि एक्स बरोबर ५ असं उत्तर लिहून मोकळी झाली. शेजारचीने सगळं एका बाजूला घेऊन अवयव पाडले होते, तिची उत्तरं दोन आली, ० आणि ५. ती म्हणाली, 'तुझं चुकलं, भागायचं नसतं.' पहिलीने विचारलं, 'का नसतं? समीकरणाला दोन्हीकडे भागलेलं चालतं की.' आता हिची अडचण झाली. उत्तर बरोबर होतं, पण भागायचं का नाही हे हिलाही माहीत नव्हतं, सरांनी सांगितलं म्हणून ती करत होती. दोघींची बराच वेळ वादावादी झाली. मग हिने एक्सच्या जागी शून्य घालून पाहिलं, दोन्ही बाजू शून्य, म्हणजे ते उत्तर खरंच आहे. मग ते गेलं कुठे? 'तू भागलंस कशाने? एक्सने. आणि एक्सच शून्य असेल तर?' हे वाक्य बोलता बोलता तिचं तिलाच उमगलं. अवयव पाडून पुढच्या गणिताला लागली असती तर हा प्रश्न तिला कधी पडलाच नसता.

भूमितीत तर याची गरज दुप्पट. आकृती समोर असली की मुलांना सगळं 'दिसतंच', मग कारण द्यावंसं वाटत नाही. वर्तुळाच्या बाहेरच्या बिंदूतून काढलेले दोन स्पर्शिकाखंड एकरूप असतात, हे प्रमेय घ्या. केंद्र ओ, बाहेरचा बिंदू पी, स्पर्शबिंदू ए आणि बी. ओए आणि ओबी त्रिज्या म्हणून समान, ओपी सामाईक, आणि स्पर्शिका त्रिज्येला लंब असते म्हणून ए आणि बीपाशी काटकोन. इथपर्यंत आमच्याकडच्या एका मुलाचं अगदी बरोबर होतं. पुढे त्याने लिहिलं, 'बाकोबा कसोटीने त्रिकोण एकरूप.' बाकोबा म्हणजे बाजू-कोन-बाजू. त्याचा मित्र म्हणाला, बाकोबात कोन त्या दोन बाजूंच्या मधला लागतो. ओए आणि ओपीच्या मधला कोन ओपाशी आहे, तुझा काटकोन एपाशी. यावर पहिल्याचा सवाल, 'दोन बाजू सारख्या, एक कोन सारखा. मधला असला काय आणि नसला काय, फरक काय पडतो?'

प्रश्न मोलाचा होता, आणि 'पुस्तकात तसं दिलंय' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. मी एवढंच म्हटलं, कंपास काढा आणि करून बघा. त्यांनी ख बिंदूपाशी ३० अंशांचा कोन काढला. त्याच्या एका भुजेवर ८ सेमी मोजून क बिंदू घेतला. मग क केंद्र धरून ५ सेमीचा कंस मारला. कंसाने दुसऱ्या भुजेला दोन ठिकाणी छेदलं! एक छेदनबिंदू घेतला तर लहान त्रिकोण, दुसरा घेतला तर मोठा. दोन्हींत ८ सेमी आहे, ५ सेमी आहे, ३० अंशही आहेत, आणि तरी ते एकरूप नाहीत. मग ख पाशी काटकोन घेतला आणि कंपासात १० सेमी घेऊन कंस मारला. आता भुजेवर छेद एकच आला, दुसरा पलीकडच्या अंगाला, किरणाच्या बाहेर. म्हणून काटकोन असेल तरच कर्णभुजा (कर्ण आणि एक बाजू सारखी) ही वेगळी कसोटी चालते आणि या प्रमेयात तीच लिहायची. एवढ्याला त्यांना पाऊण तास लागला. कोणी म्हणेल, पाऊण तासात चार गणितं झाली असती. झाली असती, पण त्या चारही गणितांत कसोटीचं नाव अंदाजाने लिहिलं गेलं असतं, आणि बोर्डाच्या पेपरात सिद्धतेतलं कारण चुकलं की गुण जातात.

माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे मुलांनी गणितं तयार करून एकमेकांना घालणं. तुमच्याकडच्या चौघांना हे जरूर करायला सांगा. दोन चलांतील रेषीय समीकरणांच्या वेळी आमच्याकडच्या एका मुलाने, ज्याचे वडील धान्य मार्केटमध्ये माथाडी आहेत, असं गणित घातलं: ५० किलोच्या आणि ३० किलोच्या मिळून २० गोण्या, एकूण वजन ८५० किलो, तर कोणत्या किती? मैत्रिणीने सोडवलं, उत्तर आलं साडेबारा आणि साडेसात गोण्या. तिने ताळा करून पाहिला, तो जमत होता. तिने वही परत केली आणि म्हणाली, 'अर्धी गोणी कोण उचलतं, तुझ्या पप्पांना विचारून ये.' चूक सोडवण्यात नव्हती, गणितातच होती. मग तो मागे गेला, १२ आणि ८ गोण्या असं उत्तर आधी ठरवलं आणि वजन काढलं, ८४० किलो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण दुसऱ्या एका मुलीने विचारलं, कुठकुठली वजनं चालतील? सगळ्या ३० किलोच्या धरल्या तर ६०० किलो. त्यातली एक गोणी बदलून ५० ची घेतली की २० किलो वाढतात. म्हणजे ६००, ६२०, ६४० असं १००० पर्यंत. 'अरे, ही तर अंकगणिती श्रेढी!' समीकरणांचा धडा आणि श्रेढीचा धडा असे जोडले गेले, आणि ते मुलांनीच जोडले.

जाता जाता एक सांगते. चार अंकी संख्येचा ६१७४ हा स्थिरांक शोधणारे द. रा. कापरेकर ठाण्यात शिकले आणि पुढे देवळालीला शाळामास्तर होते. चार अंक घ्यायचे, सगळे सारखे नकोत. ते उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करायची. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर आधी ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि पुढे तीच संख्या येत राहते. मुलं कंटाळली की त्यांना हे द्या, एकाने मांडायचं, दुसऱ्याने वजाबाकी तपासायची. आणि मग विचारा, प्रत्येक वेळी उत्तराला ९ ने भाग का जातो? अक्षरं घेऊन मांडलं की दहावीच्या मुलांना ते सहज सिद्ध करता येतं.

आता काळजी कशाची घ्यायची ते सांगते. गटात एकच मूल सतत शिकवणारं आणि बाकी सतत ऐकणारी असं झालं तर तो गट नसतो, फुकटचा क्लास असतो, आणि मुलगी दमून जाईल. खालच्या मजल्यावरच्या मुलाचा भौमितिक रचनांत हात चांगला असेल तर ते प्रकरण त्याच्याकडे द्या. जो मागे आहे त्याच्याकडेही एखादी गोष्ट असतेच, ती शोधावी लागते. 'कळलं' या शब्दावर त्यांनी एकमेकांना सोडू नये, 'कळलं ना, मग आकडे बदलून देते, करून दाखव' म्हणावं. सोडवलेल्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागायचा नाही आणि पाठवायचाही नाही. जिथे अडलंय तिथपर्यंतचं आपलं पान पाठवायचं, म्हणजे समोरच्याला कुठून सुरुवात करायची ते कळतं. आणि चौघांचं मिळून चुकू शकतं, हे तर नेहमीचं आहे. त्यासाठी ताळा आहे, पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची आहे, आणि तरीही जमलं नाही तर त्या गणितावर खूण करून दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना विचारायचं. उत्तर शोधून उतरवण्यापेक्षा अडलेलं गणित तसंच शाळेत नेलेलं बरं.

तुम्हाला गणित येत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. कधीतरी भाजी निवडता निवडता त्यांच्यात बसा आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारा, 'ही ओळ कशी आली गं?' तुम्हाला पटेल असं तिला सांगता आलं, तर तिचं पक्कं आहे. 'ते तुला नाही कळणार' असं उत्तर आलं, तर बहुधा तिलाच कळलेलं नसतं.

पूर्वपरीक्षा जवळ आली की बसण्याची पद्धत मात्र बदला. बीजगणित आणि भूमिती, दोन्ही पेपर ४० गुणांचे आणि दोन-दोन तासांचे. तेव्हा चौघांनी एकाच खोलीत, पण एकमेकांशी न बोलता, घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायचा. मग पेपर अदलाबदल करून लाल पेनाने तपासायचे, पायरीपायरीला गुण द्यायचे आणि जिथे कापले तिथे का कापले ते लिहायचं. पहिल्या वेळी ती गुणांवरून भांडतील, भांडू द्या. अर्ध्या गुणासाठी भांडताना कोणती पायरी लिहायलाच हवी होती ते त्यांना नीट कळतं. रविवारी तिच्या पप्पांना सुट्टी असेल तर घड्याळ लावायचं काम त्यांच्याकडे द्या.