आई रक्त द्यायचं म्हणते, तर देऊ दे

पत्र (संक्षिप्त): माझी आई ५२ वर्षांची. ४६ व्या वर्षी तिला स्तनाचा कर्करोग झाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं, आता टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. मागच्या फॉलोअपला डॉक्टरांनी विचारलं, आनुवंशिक कर्करोगावरच्या संशोधनासाठी रक्त आणि घराण्याची माहिती द्याल का? आई लगेच हो म्हणाली. दादा आणि मामा भडकलेत. धाकट्या बहिणीला स्थळं बघतोय, घरातल्या गोष्टी वेशीवर कशाला टांगायच्या, म्हणतात. आईला कसं समजावू? खरं तर रक्तात काय निघेल ते मलाही कळायला नको वाटतं.
– एक लेक, सांगली

लेकी,

आईला समजावायचं काहीच नाही. तिला विचारलं, ती हो म्हणाली, रक्त तिचं आहे. तुझा खरा प्रश्न पत्राच्या शेवटच्या वाक्यात आहे आणि तो तू दादाच्या आवाजाआड ठेवला आहेस. त्याकडे येतेच.

स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. मग तुमच्याच घरी का विचारलं? एक तर आईला पन्नाशीच्या आत झाला. दुसरं, तू ओझरतं लिहिलंस की आईची मावशी ‘पोटाच्या आजारानं’ तरुणपणीच गेली. त्या पिढीत बायकांचा सांगायला नको असलेला प्रत्येक आजार पोटाचाच असायचा. तो अंडाशयाचा कर्करोग असेल तर मामला वेगळा, कारण बीआरसीए १ आणि बीआरसीए २ या जनुकांतल्या बिघाडानं दोन्ही कर्करोगांचा धोका वाढतो. असा बिघाड आईत सापडला, तर तो तिच्या प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी. दादाही त्यात आलाच. पुरुषांनाही त्यामुळे प्रोस्टेटचा, क्वचित स्तनाचाही कर्करोग होतो आणि ते तो बिघाड पुढे मुलीला देऊ शकतात. दादाला दोन वर्षांची मुलगी आहे म्हणतेस. हे त्याला अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

बहिणीच्या लग्नाचं म्हणशील, तर आईचा आजार गल्लीला सहा वर्षांपूर्वीच कळलाय. त्याचं वावडं असलेली सासू लग्नाआधी कळलेली बरी.

राहिलं संशोधन. त्यात घरच्यांना काय मिळतं, असं मामा विचारतात. कदाचित काहीच नाही, हे आईला आधीच माहीत असू दे. मिळतं ते पुढच्या बायकांना. १९९८ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयानं मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखाहून अधिक बायकांना घेऊन एक अभ्यास सुरू केला. मॅमोग्राफी परवडणारी नव्हती, म्हणून प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासत. निम्म्या बायकांना तपासणी नाही, फक्त माहिती मिळाली. त्यावर टीका झाली आणि ती मला अगदीच गैरलागू वाटत नाही. पण वीस वर्षांच्या नोंदींनंतर, २०२१ मध्ये, कळलं की पन्नाशीपुढच्या बायकांत या साध्या तपासणीनं स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान बायकांत तसा फायदा दिसला नाही. हेही कळायलाच हवं होतं. आई घेते तीच गोळी जास्त धोका असलेल्या निरोगी बायकांत हा आजार टाळू शकते, हे १९९८ मध्ये सिद्ध झालं, तेही अमेरिका-कॅनडातल्या तेरा हजारांवर बायकांनी आपल्या हातातली गोळी खरी की खोटी हे न कळता ती वर्षानुवर्षं घेतली म्हणून.

मात्र सहीआधी विचारून घ्या. संमतीपत्र मराठीत आहे का? नाव गुप्त राहणार का? निष्कर्ष घरी कळवणार की नमुना नुसता प्रयोगशाळेत राहणार? कळवणार असतील तर समजावून कोण सांगणार? कधी कधी ‘बदल दिसतोय, पण घातक की नाही ते ठरलेलं नाही’ असंही उत्तर येतं आणि ते पचवणं सोपं नसतं. मन बदललं तर केव्हाही बाहेर पडता येतं, त्यानं आईच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे.

आता तुझी भीती. आईनं रक्त दिलं म्हणजे तुला कळलंच पाहिजे असं नाही. ‘मला सांगू नका’ म्हणायचा हक्क तुला आहे आणि तो वापरलास तर कुणी तुला भित्री म्हणायचं कारण नाही. फक्त तपासणी चुकवू नकोस. आईला हा आजार झालाय एवढ्यानंच तुझा धोका इतरींच्या जवळपास दुप्पट धरतात, जनुकाची चाचणी न करताही. तेव्हा कुठली तपासणी, कोणत्या वयापासून, हे आत्ताच डॉक्टरांना विचार. पुढे कधी जाणून घ्यावंसं वाटलंच, तर बिघाड सापडलेल्या बायकांसाठी दरवर्षीचा एमआरआय, गोळ्या, मुलंबाळं झाल्यावर शस्त्रक्रिया, असे मार्ग आहेत. घाई कुणाचीच नाही.

आणि आईला एकदा विचार की ती इतक्या पटकन हो का म्हणाली. तू पत्रात सगळ्यांचं म्हणणं लिहिलंस, तिचं सोडून.

पुढच्या फॉलोअपला दादालाही ने. केमोच्या वेळी रोज डबा घेऊन तोच जायचा म्हणतेस, म्हणजे रागापेक्षा धास्तीच जास्त असणार. मामांना मात्र आधीच सांगून ठेव, की आईच्या मावशीला नेमकं काय झालं होतं हे आता फक्त त्यांनाच ठाऊक आहे आणि डॉक्टर ते विचारणार आहेत.