"ताई, डब्याच्या दुधाने पोटातले चांगले जंतू मरतात का हो?"

खुर्चीवर टेकायच्या आधीच तिने विचारलं. साडेतीन महिन्यांची लेक कडेवर, मागोमाग सासूबाई, पिशवीत दुधाचा डबा आणि बाटली. महिन्याभरात बाळाला दोनदा जुलाब झाले होते. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, बाळ आता छान हसत होतं. पण हिची कंत्राटी नोकरी, रजा संपलेली. दिवसा डबा, रात्री अंगावर, असं महिनाभर चाललेलं. "मीच आजारी पाडलं तिला," म्हणाली आणि रडू फुटलं.

आता लॅक्टोफेरिन घातलेला महागडा डबा आणायचं तिने ठरवलं होतं. पगाराचा मोठा घास त्यात जाणार होता.

लॅक्टोफेरिन हे आईच्या दुधातलं एक प्रथिन. ते लोहाला धरून ठेवतं आणि लोह मिळालं नाही की बरेचसे अपायकारक जंतू वाढत नाहीत. चिकात तर ते भरपूर असतं. गाईच्या दुधात फार थोडं, म्हणून काही डब्यांत वरून घालतात. पण ब्रिटनमध्ये दिवस भरायच्या खूप आधी जन्मलेल्या २,२०० बाळांवर याचा मोठा अभ्यास झाला. गाईच्या दुधातलं लॅक्टोफेरिन देऊनही त्यांचे जंतुसंसर्ग कमी झाले नाहीत, असं २०१९ साली समोर आलं. एवढ्या नाजूक बाळांनाही ज्याचा ठोस उपयोग दिसला नाही, त्यासाठी हिने पोटाला चिमटा घ्यावा असं मला वाटेना. तसं मी तिला स्पष्ट सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, "मग गाईचं दूधच पाणी घालून देऊ की!" तेही नको. गाईच्या दुधातल्या प्रथिनात ८० टक्के केसीन, म्हणजे ज्याचं पनीर होतं ते. आईच्या दुधात ते साधारण ४० टक्केच, बाकीचं पनीरच्या पाण्यात उरतं तसलं, पचायला हलकं. शिवाय गाईच्या दुधात लोह कमी. वर्षाच्या आत डब्याला पर्याय म्हणून ते नाहीच.

आता चांगले जंतू. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या जंतूंची दाट वस्ती असते. त्यांचं मुख्य खाणं म्हणजे आईच्या दुधातल्या खास शर्करा. त्या खाऊन ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबट वातावरणात जुलाबाचे जंतू सहसा टिकत नाहीत. डब्याने ही वस्ती मरत नाही, तिच्यात इतर जंतूंची सरमिसळ होते. "आणि तू रोज रात्री पाजतेस ना? म्हणजे त्यांचं खाणं रोज पोचतंय," असं म्हटल्यावर तिने पहिल्यांदा मान वर केली.

मग म्हटलं, नेहमी करतेस तसंच दूध माझ्यासमोर कर.

तिने थर्मासमधलं कोमट पाणी ओतलं, पावडर घातली, हलवलं. मी बाटली हातात घेऊन निपल उलटं केलं. आतल्या कडेला दुधाचा पिवळट, चिकट थर. नखाने खरवडला तेव्हा निघाला. दोघी गप्प झाल्या. सकाळी केलेलं दूध उरलं तर दुपारीही तेच देत होतो, हे सासूबाईंनीच सांगितलं.

माझ्या अनुभवात जुलाबाचं कारण बहुतेकदा असंच सापडतं. पावडर निर्जंतुक नसते, हे कितीतरी घरांत माहीतच नसतं. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जायच्या आधी त्यात पावडर घालायची, मग भांडं गार पाण्यात धरून दूध निववायचं आणि मनगटावर थेंब टाकून बघायचं. चमचा सपाट भरायचा. केलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यायचं, जीव कितीही हळहळला तरी. कामावर दुपारी एकदा दूध काढून ठेवायचंही तिला शिकवलं. डब्याची एक पाळी तरी वाचते.

बाटलीच बंद करा म्हटलं तेव्हा सासूबाई जरा थांबल्या. "आमच्याकडं बोंडलं आहे. बाळाच्या बापाला त्यानंच पाजलेलं." बोंडलं म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी.

पुढच्या खेपेला त्या घेऊन आल्या. चांदीचं, चोचीला किंचित चेपलेलं, फडक्यात गुंडाळलेलं. "वीस मिनिटं उकळलंय हो," बसायच्या आधीच म्हणाल्या, आणि कोपऱ्याकोपऱ्यातून बोट फिरवून मला आतून दाखवलं.