साधा मार्केटिंग प्लॅन विचारलात म्हणून लिहिते

तुमचा प्रश्न असा आहे की तुम्ही सांगलीत विश्रामबागेत घरी लाकडी नावाच्या पाट्या रंगवता, इन्स्टावर २,१०० फॉलोअर आहेत, ऑर्डरी दिवाळीच्या आसपास येतात आणि मग सगळं शांत, तर साधा मार्केटिंग प्लॅन कसा लिहायचा, महिन्याला बूस्टसाठी, म्हणजे पैसे भरून पोस्टची जाहिरात करायला, किती पैसे ठेवायचे आणि वेबसाइट लागते का. मी साताऱ्यात जुन्या लुगड्यांच्या आणि साड्यांच्या गोधड्या करून ऑनलाइन विकते, सात वर्षं झाली, त्यात बाळांच्या गोधड्या जास्त. शिवायला साताऱ्याजवळच्या परळी खोऱ्यातल्या चार जणी आहेत, त्या गोधडीला अजून वाकळच म्हणतात. बूस्टचं वाचलं आणि लिहायला बसले.

बूस्टचा आकडा आधी ठरवू नका. आधी हे लिहून काढा की एका महिन्यात तुमच्या हातून चांगल्या, मन लावून केलेल्या पाट्या किती होतात. माझ्या चौघींच्या मिळून महिन्याला चौदा-पंधरा गोधड्या होतात. म्हणजे मला महिन्याला पंधरा माणसं लागतात, पंधरा हजार नाही. हे कळायला मला खूप मोठी किंमत मोजावी लागली.

२०२२ च्या आषाढातली गोष्ट. माझे धाकटे दीर पुण्यात नोकरीला, त्यांनी डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केलेला, सुट्टीला आले की लॅपटॉप उघडून सांगायचे, वहिनी तुमचं काम एक नंबर आहे पण तुम्ही ते झाकून ठेवलंय, मार्केटिंग म्हणजे आकड्यांचा खेळ, हजार जणींनी बघितलं तर शंभर विचारणार आणि शंभर जणींनी विचारलं तर दहा घेणार. ऐकायला बरोबर वाटतं. त्यांनी मला चौदा पानांचा प्लॅन करून दिला, त्यात गिऱ्हाईक म्हणून लिहिलं होतं, महिला, वय २५ ते ४५, संपूर्ण भारत. दहा दिवस रोज सहाशेची जाहिरात, वर १८ टक्के जीएसटी, असे ७,०८० रुपये गेले. मी एका बाळाच्या गोधडीला सातशे रुपये शिलाई देते, म्हणजे दहा गोधड्यांची मजुरी.

मेसेज आले, खोटं बोलणार नाही, बारा दिवसांत ३४० आले. कुठून कुठून आले, बहुतेकांचा एकच शब्द, प्राइस? मी रात्री बारापर्यंत बसून प्रत्येकाला उत्तर द्यायचे, १,६०० म्हटलं की समोरून काही नाही, नाहीतर आमच्याकडे तीनशेला मिळते. मिळतेच, ती मशीनची असते, आत पॉलिस्टर भरलेलं. त्यांची काही चूक नाही, त्यांना तीच हवी होती, मग माझी गोधडी त्यांच्यापुढं नेऊन ठेवायचीच कशाला? ऑर्डरी तीन आल्या, त्यातली एक रद्द झाली.

आणि महिना कुठला, तर आषाढ. तेव्हा परळीकडं भाताची लावण असते, माझ्या बायका दिवसभर चिखलात उभ्या, रात्री सुईत दोरा ओवायचं त्राण नसतं. शिवाय जुनी साडी धुवून, खळ काढून खणखणीत उन्हात वाळवल्याशिवाय थर लावता येत नाही, कुबट वास राहतो, आणि साताऱ्यात आषाढ-श्रावणात ऊन कुठलं आणायचं. वर्षातल्या ज्या महिन्यात मी पाचसुद्धा गोधड्या धड देऊ शकत नाही त्या महिन्यात ३४० जणांना दारात बोलावलं.

त्या गर्दीत एक मेसेज खाली गेला. चिंचवडच्या एक काकू, माझ्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी, त्यांनी आपल्या ओळखीतून मला आणखी चार जणी दिल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं, लेकीला सातवा लागलाय, माझ्या आईची तीन लुगडी जपून ठेवली आहेत, पाठवू का? तो मेसेज मी एकोणीस दिवसांनी वाचला. लगेच फोन केला. काकू म्हणाल्या, अगं तू कामात असशील असं वाटलं म्हणून इथंच एका टेलरकडे दिली. टेलरनं मशीन मारली होती आणि पदर कापून टाकले होते, पातळ आहेत म्हणून. पदरच तर मी वरच्या थराला मधोमध घेते. आईची लुगडी होती ती, परत कुठून येणार. काकू एका शब्दानं रागावल्या नाहीत, त्याचं मला जास्त लागलं. आजही लागतं.

गणपती झाल्यावर मी जुनी वही काढली आणि तोवरच्या ११८ ऑर्डरी एकेक करून लिहिल्या, कोण, कुठली, कुणामुळं आली, कशासाठी घेतली, कुठल्या महिन्यात. ७१ जणी कुणाच्या तरी घरी माझी गोधडी बघून आल्या होत्या. आणि गोधडी घेणारी बाळाची आई नसतेच, आजी, मावशी किंवा आत्या असते, पन्नाशी-साठीची, म्हणजे प्लॅनमधल्या पंचवीस ते पंचेचाळीसच्या बाहेरची. दुसरं एक कळलं. आपल्याकडे बाळ व्हायच्या आधी नवीन काही घेत नाहीत, पण जुन्या मऊ कापडाला कुणाची हरकत नसते, म्हणून लुगडी सातव्या-आठव्यात येतात आणि गोधडी घरी जाते ती बाळ झाल्यावर, बारशाला. म्हणजे माझ्या धंद्याला तारीख आहे आणि ती तारीख गिऱ्हाईक मला स्वतःहून सांगतं, मी फक्त लिहून ठेवत नव्हते.

मग मी चौदा पानं कपाटात ठेवली आणि भिंतीवरचं कालनिर्णय खाली घेतलं. कुठल्या महिन्यात ऊन नाही, कुठल्या महिन्यात लावण आणि कधी सोयाबीनची काढणी, तिथं रेघा मारल्या, तेव्हा ऑर्डर घ्यायची पण तारीख लांबची द्यायची, आणि नवीन लोकांसाठी पोस्ट टाकायच्या त्या कार्तिकानंतर. प्रत्येक पार्सलमध्ये हातानं लिहिलेली चिठ्ठी जाते, गोधडी कशी धुवायची ते आणि खाली, माझा नंबर सेव्ह करून ठेवा. हे सेव्ह करणं महत्त्वाचं आहे, कारण व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टचा, म्हणजे एकदाच लिहून सगळ्यांना वेगवेगळा जाणारा, मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि एका लिस्टमध्ये २५६ च माणसं बसतात. मला तेवढी पुरतात. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये लेबलं लावता येतात, मी जुनं गिऱ्हाईक असं एक लेबल केलंय, सकाळी आधी ते उघडते आणि मग बाकीचं सगळं.

तुमच्या पाटीलाही तारीख असते. पाटी लागते वास्तुशांतीला, नवीन फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर, लग्न होऊन दारावर दुसरं नाव वाढल्यावर, दवाखाना किंवा ऑफिस उघडताना. दिवाळी तुमचा सीझन आहे असं तुम्हाला वाटतं कारण दिवाळीत तुम्ही जास्त पोस्ट टाकता, असा माझा अंदाज आहे, वही करून बघा, कदाचित गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया निघेल. पंचांगात वास्तूचे मुहूर्त बघून महिनाभर आधी पाट्यांचे फोटो टाका, दारावर लावलेल्या पाटीचे, टेबलावर ठेवलेल्या नाही, आणि फोटो गिऱ्हाइकाकडूनच मागवा. मिरज-सांगलीत इंटिरियरवाले, फर्निचर करणारे सुतार, वास्तुशांत सांगणारे गुरुजी यांना आधीच कळतं कुणाचं घर होतंय, त्यांच्याकडे एकेक नमुना पाटी ठेवून या. माझ्या मते हजार रुपयांच्या जाहिरातीपेक्षा दोन नमुना पाट्या जास्त काम करतात.

दिरांशी या विषयावर अजून वाद होतो. ते म्हणतात वहिनी तुम्ही जाहिरात चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या लोकांना केली, जाहिरातीत दोष नाही. पण महिना आणि लोक त्यांनीच ठरवले होते, आणि मला त्यांनी एकदाही विचारलं नाही की तुमच्या बायका आत्ता शेतात आहेत का. प्लॅन करणाऱ्याला मालाची माहिती असली पाहिजे, गिऱ्हाइकाची असली पाहिजे, आणि हात किती आहेत याची तर सगळ्यात आधी. भाऊजी, तुम्ही हे वाचलंत तर मला फोन करा, मी हे तुमच्या तोंडावरही म्हणणार आहे.

आता एक राहिलं, जाहिरात सगळ्यांनाच वाईट असं माझं म्हणणं नाही. तयार माल पडून असेल, किंमत कमी असेल, एका दिवसात पाठवता येत असेल तर फायदा होत असेल. करायचीच असेल तर सांगली, मिरज, कोल्हापूर एवढाच भाग निवडा, पाटीची किंमत फोटोवरच लिहा म्हणजे निम्मे मेसेज येणारच नाहीत, आणि पाच दिवसांच्या पुढं पैसे भरू नका. राज्याबाहेर पाट्या पाठवणार असाल तर जीएसटीचे नियम वेगळे लागतात, हस्तकलेला सवलत आहे पण तुमची पाटी त्यात बसते का हे सीएला विचारूनच पाठवा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे, सरकारी साइटवर स्वतःच करा, कुणाला पैसे देऊ नका.

महिन्याचं बजेट विचारलंत, माझं आठशे रुपयांच्या आत आहे, चिठ्ठ्यांचा कागद, पार्सलची मलमलची पिशवी आणि वर्षातून दोनदा नमुन्याच्या छोट्या गोधड्या. वेबसाइट मी अजून केलेली नाही, तुम्हीही वहीत शंभर नावं होईपर्यंत करू नका.