दुधाचे दात पडतच नाहीत...

प्रश्न : मुलगा 10 वर्षांचा आहे. निदान क्लायडोक्रेनियल डिसप्लेसिया (हाडांचा आणि दातांचा जन्मजात आजार). पुढचे सगळे दात अजून दुधाचेच आहेत, आणि ओपीजीमध्ये (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) हाडात जास्तीचे सात दात दिसतात. एक डॉक्टर म्हणतात, दुधाचे काढा, कायमचे आपोआप येतील. दुसरे म्हणतात, अठरापर्यंत थांबा, मग कवळी किंवा इम्प्लांट. कोणाचं ऐकावं? (एक आई, सांगली)

उत्तर : कोणाचंच नाही. या आजारात आरयूएनएक्स2 या जनुकात बिघाड असतो. त्यामुळे डोक्याची टाळू उशिरा भरते, कॉलरबोन अपुरी वाढते आणि जबड्याचं हाड वर येणाऱ्या दाताला वाट करून देत नाही. शिवाय जास्तीचे दात आडवे पडलेले असतात. नुसते दुधाचे दात काढले, तर तिथे रिकामी हिरडी राहील, एवढंच. आणि अठरापर्यंत थांबलात, तर वाढीची वर्षं हातची जातील.

शस्त्रक्रियेची वेळ वयावर ठरवू नका, दातांच्या मुळांवर ठरवा. या मुलांचे दात साधारण तीन वर्षं मागे असतात. सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढून पटाशीच्या कायमच्या दातांची मुळं निम्म्याहून जास्त तयार झालीत का, ते पाहतात. पहिल्या कायमच्या दाढा बहुधा आपल्या आपण येतात. त्यांना बँड (धातूचं कडं) लावून जाड तारेचा आधार आधी बांधून घेतात. मग पूर्ण भूल देऊन एकाच बैठकीत जास्तीचे सगळे दात आणि पुढचे दुधाचे दात काढतात, कायमच्या दातांवरचं हाड दूर करतात आणि प्रत्येकावर बारीक कडी चिकटवून तिची साखळी हिरडीबाहेर आणतात; पुढे त्या साखळीने दात हळूहळू ओढून घेतात. सुळे आणि उपदाढांची पाळी नंतर, बहुतेक तेराच्या पुढे, दुसऱ्या शस्त्रक्रियेत.

काम बिघडतं ते कडीशी. चिकटवताना दाताला रक्त किंवा लाळ लागली की ती सुटते, आणि मुलाला पुन्हा भूल द्यावी लागते. म्हणून चिकटवायला ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे डॉक्टर) स्वतः ऑपरेशन थिएटरमध्ये असतील ना, हे आधीच विचारा. (हा प्रश्न पालक सहसा विचारत नाहीत.) ओढ हलकी हवी, एका दाताला 50 ते 60 ग्रॅम. घाईने जोर वाढवला तर आत अडकलेला दात तसाच राहतो आणि आधाराच्या दाढाच कलतात. साखळी तुटली किंवा अचानक लांब दिसू लागली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

भूलतज्ज्ञांना निदान आणि वारंवार होणारी सायनस-कानाची इन्फेक्शन आधी सांगा. डोक्याची टाळू अजून उघडी असेल तर तेही.

प्रश्न : धाकटीलाही होईल का?

उत्तर : आई-वडिलांपैकी एकाला असेल तर शक्यता 50 टक्के. दोघांनाही नसेल, तर बदल बहुधा मुलातच नव्याने झालेला असतो आणि धाकटीचा धोका फार कमी. लक्षणं सौम्य असली की मोठ्यांत ती कळतही नाहीत, त्यामुळे आधी दोघांनी छातीचा एक्स-रे काढून कॉलरबोन पाहून घ्यावी.