आत्याचा निरोप पोचव

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

काल तू पिशवीतून आत्याचं मृत्युपत्र काढलंस आणि म्हणालास, "काका, सगळ्यांच्या मनासारखं कसं करू?" त्यानंतर रात्री मला झोप आली नाही. अरे, सगळ्यांची मनं राखायला तिने तुला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा, नेमलं का? तू निरोप्या आहेस. निरोप पोचव.

तुझा दादा म्हणतो, पुतणे हयात असताना सगळं दान करता येत नाही. त्याच्या कानावर काहीतरी अर्धवट आलेलं दिसतं. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात कलम 118 होतं. पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचं कुणी असेल, तर धर्मादाय देणगीचं मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधी केलेलं हवं, शिवाय ते सहा महिन्यांत ठरलेल्या ठिकाणी जमा केलेलं हवं, अशी अट होती. हिंदूंना ती कधी लागूच नव्हती. ती मुख्यतः ख्रिस्ती लोकांना जाचत होती, आणि केरळच्या एका धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये ते कलमच रद्द केलं. दादरचा फ्लॅट आत्याने नोकरी करून घेतला. तो कुणाला द्यायचा हे तिने ठरवायचं होतं, आणि तिने ठरवलं.

तुझी दुसरी शंका मात्र रास्त आहे. "उरलेली रक्कम धर्मादाय करावी," एवढंच तिने लिहिलंय. 1899 साली मुंबईच्याच एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, 'धर्म' या शब्दावर सोडलेली देणगी संदिग्ध म्हणून बाद केली होती. किती जणांच्या इच्छा त्या एका शब्दापायी बुडाल्या असतील! पण आपल्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 10 वाच. हेतू 'धर्मादाय' किंवा 'पुण्यदान' असा मोघम लिहिलाय, एवढ्याच कारणावरून न्यास, म्हणजे ट्रस्ट, रद्द होत नाही. वकिलांना हे कलम दाखव. निरोप अस्पष्ट असला तरी तो निरोपच आहे.

आता माझं. गिरगावातल्या एका शेजाऱ्यांनी मुलींच्या वसतिगृहासाठी पैसे ठेवले होते आणि जबाबदारी माझ्यावर टाकली होती. त्यांचे पुतणे रागावले. घर मोडू नये म्हणून मी थांबलो. एक पैसाही मी स्वतःकडे वळवला नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. माझा हेतू वाईट नव्हता. पण अकरा वर्षं गेली, तोवर ते वसतिगृह बंद पडलं. पुतण्यांची मनं जुळली नाहीत ती नाहीतच. ज्या मुलींना तिथे खोली मिळाली असती त्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत. मग थांबून मी राखलं काय?

म्हणून तुझ्यावर चिडतोय. मृत्युपत्राने न्यास निर्माण होत असेल तर नोंदणीचा अर्ज एक्झिक्युटरनेच करायचा असतो. मुदत प्रोबेटपासून, म्हणजे कोर्टाने मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला दिल्यापासून, एक महिना किंवा मृत्यूपासून सहा महिने, यातलं जे आधी येईल ते. आत्याला जाऊन चार महिने झाले. दादाची समजूत नंतर काढ, मीही येईन बोलायला.

गुरुवारी अकराला वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाच्या दारात भेटू. मृत्यूचा दाखला, बँकेची पासबुकं आणि मृत्युपत्राच्या दोन झेरॉक्स आण. मूळ प्रत मात्र तुझ्याच कपाटात राहू दे. दादाने "एक दिवसापुरती दे" म्हटलं तरी देऊ नकोस.

तुझा,
काका