बी.कॉम. झाल्यावर, पस्तिशीत, अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजातून बालशिक्षणाची पदवी घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा: तुम्ही पुण्याच्या बी.कॉम., नवऱ्याच्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियात आलात, मुलं आता शाळेत जातात, एच-४ (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) वरचं ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, नुकतंच हातात पडलंय. कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातून अर्ली चाइल्डहुड एज्युकेशनची (बालशिक्षणाची) पदवी घ्यावी असं वाटतंय, पण घरचे विचारतात, 'मुलं सांभाळायला पदवी कशाला?'

मी हीच पदवी बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजातून घेतली आणि आता तीन-चार वर्षांच्या मुलांच्या वर्गावर शिकवते. माझं उत्तर आहे, जरूर करा. फक्त सुरुवातीला पदवीकडे बघू नका, युनिटांकडे, म्हणजे प्रत्येक विषयाला मिळणाऱ्या श्रेयांकांकडे बघा. कॅलिफोर्नियात हे सगळं क्षेत्र युनिटांवर चालतं. लायसन्स असलेल्या खाजगी प्रीस्कूलमध्ये पूर्ण शिक्षिका म्हणून उभं राहायला बालशिक्षणाची १२ सेमिस्टर युनिट लागतात, म्हणजे साधारण चार विषय. सहा युनिट झाली आणि पुढचा विषय चालू असला तरी अनेक ठिकाणी दार उघडतं. राज्याच्या अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांत मात्र चाइल्ड डेव्हलपमेंट परमिट लागतं. ते कमिशन ऑन टीचर क्रेडेन्शियलिंग देतं. त्यातल्या 'टीचर' पायरीला बालशिक्षणाची २४ युनिट, सामान्य विषयांची १६ युनिट आणि वर्गातला अनुभव हवा. असोसिएट पदवी, म्हणजे तुमच्या मनातली दोन वर्षांची पदवी, ६० युनिटांची. त्यामुळे १२ युनिट झाली की नोकरी धरायची आणि उरलेलं संध्याकाळच्या किंवा ऑनलाइन वर्गांतून पूर्ण करायचं, हाच क्रम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. डी अँझा आणि फुटहिल या बे एरियातल्या कॉलेजांत सेमिस्टरऐवजी क्वार्टर (तिमाही) पद्धत आहे, तिथे १२ ची १८ आणि २४ ची ३६ होतात. आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नका.

पैशांचं सांगते. राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे तीन युनिटांचा विषय १३८ डॉलरला. पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी. रहिवासी ठरायला कॅलिफोर्नियात एक वर्षाहून जास्त वास्तव्य आणि त्याचे कागद लागतात. एच-४ वरच्या माणसालाही तो दर्जा मिळू शकतो, पण ॲडमिशन ऑफिस आपणहून विचारेलच असं नाही. भाडेकरार, टॅक्स, ड्रायव्हिंग लायसन्स घेऊन तुम्हीच विचारा. नाहीतर प्रत्येक युनिटाला काहीशे डॉलर मोजावे लागतील. शिकण्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. ईएडी लागतं ते पगारी कामासाठी, आणि ते तुमच्याकडे आहे.

बी.कॉम.चं मूल्यमापन पहिल्याच महिन्यात करून घ्या. कमिशनची स्वतःची मान्य संस्थांची यादी आहे, त्यातलीच संस्था निवडा. आपल्याकडच्या तीन वर्षांच्या पदवीला काही संस्था पूर्ण बॅचलर्स मानतात, तर काही फक्त तीन वर्षांचं कॉलेज शिक्षण. सामान्य विषयांची १६ युनिट दोन्हीतून सुटू शकतात, म्हणजे इतिहास-गणित पुन्हा करायची वेळ बहुधा येणार नाही. पण पुढे सरकारी शाळेत शिकवायचं असेल तर बॅचलर्स म्हणून मान्यता मिळते की नाही यावर सगळं ठरतं. नाही मिळाली, तर 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' घ्यायची आणि कॅल स्टेट या राज्याच्या विद्यापीठात उरलेली ६० युनिटं करून बॅचलर्स पूर्ण करायची. तुमच्यासाठी कम्युनिटी कॉलेजच्या पदवीची खरी किंमत इथे आहे.

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो मलाही विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर मला मनापासून द्यायचंय.

मुख्य विषय साधारण आठ असतात: 'बालविकास', 'मूल, कुटुंब आणि समाज', 'अभ्यासक्रमाची ओळख', 'तत्त्वं आणि पद्धती', 'निरीक्षण आणि मूल्यमापन', 'आरोग्य, सुरक्षा, पोषण', 'विविधतेच्या समाजातलं शिक्षण', आणि शेवटी प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष वर्गातलं काम. पियाजे, वायगोट्स्की, एरिक्सन, ब्रॉनफेनब्रेनर ही बालविकासाच्या अभ्यासकांची नावं पहिल्याच सत्रात येतात. ती वाचून समजतात. निरीक्षणाचा विषय मात्र माणसाची नजर बदलतो. मूल जे करतं, बोलतं तेवढंच लिहायचं, आपलं मत त्यात मिसळायचं नाही. 'मुलगी चिडली' असं लिहिलं तर शिक्षिका खाली लाल रेघ मारते, कारण चिडणं तुम्ही पाहिलं नाही, तो तुमचा तर्क आहे. पाहिलं ते असं: तिने ठोकळा खाली टाकला, दोन पावलं मागे गेली, ओठ दाबले, शेजारच्या मुलाच्या मनोऱ्याकडे बघत राहिली, मग बाईंचा हात धरून त्यांना तिथे घेऊन आली. आता हीच मुलगी मदत मागणारी दिसते. एका शब्दाने आपण तिला हट्टी ठरवलं असतं.

राज्याच्या अनुदानित केंद्रांत अशाच नोंदींवरून डीआरडीपी नावाचं मूल्यमापन भरतात, आणि पालकांशी बोलताना हाताशी पुरावा असतो. एखादं मूल बोलायला उशीर करतंय, डोळ्याला डोळा देत नाही, एकाच बाजूचा हात वापरतंय, हे वेळेत लक्षात येणं आणि ते आईवडिलांना न घाबरवता सांगणं हे शिकावं लागतं. प्रेम असलं की आपोआप येतं, हे मला अजिबात पटत नाही.

तुमचं मराठीपण तिथे उपयोगी पडतं, हे आवर्जून सांगते. घरची भाषा टिकली तर इंग्रजी जास्त चांगली येते, हे या क्षेत्रात आता सर्वमान्य आहे. नव्या देशात, नव्या खोलीत, पहिल्याच आठवड्यात रडणाऱ्या मुलाला कुणीतरी 'शू लागली का रे?' असं विचारल्यावर तो कसा निवळतो, हे मी वर्गात पाहिलंय. जेवणाचंही तसंच. इथे तीन वर्षांची मुलं स्वतः वाढून घेतात आणि सांडत का होईना स्वतः खातात. आपल्या घरांत चार वर्षांच्या मुलालाही घास भरवतात. 'मूल, कुटुंब आणि समाज' या विषयात भरवणाऱ्या आईला कुणी चूक ठरवत नाही. तिला त्यात काय जपायचं आहे ते समजून घेऊन शाळेची रीत कशी सांगायची, ते शिकवतात. भारतीय, चिनी, मेक्सिकन घरांतली मुलं एका टेबलावर बसतात तिथे हे रोज लागतं.

आणि हे सगळं आपल्याला परकं नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी नूतन बालशिक्षण संघ १९२६ मध्ये स्थापला. अमेरिकेतली या क्षेत्रातली मोठी संघटना एनएईवायसी आपली सुरुवात त्याच वर्षापासून मोजते. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी मुलांच्या अंगणापर्यंत शाळा नेली. घरात कुणी 'मुलं सांभाळणं' म्हणालं की मी ही दोन नावं घेते.

पगाराची बाजूही स्पष्ट असू द्या. अमेरिकेत प्रीस्कूल शिक्षकांचा मध्यम वार्षिक पगार २०२३ मध्ये ३७ हजार डॉलरच्या आसपास होता. बे एरियात आकडा जास्त दिसतो, पण इथलं घरभाडं त्याहून पुढे असतं. एकट्याच्या या पगारावर घर चालणं कठीण आहे. इतक्या जबाबदारीच्या कामाला इतकं कमी मोल देणं हा अन्याय आहे, असं मी ठामपणे म्हणेन. सरकारी शाळेतल्या ट्रान्झिशनल किंडरगार्टनमध्ये (किंडरगार्टनच्या आधीच्या वर्गात) चित्र बरं आहे. २०२५-२६ पासून कॅलिफोर्नियात चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला तिथे जागा आहे आणि दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं, त्यामुळे मदतनीस आणि शिक्षक दोन्ही लागतात. शिक्षकाला शाळेच्या पगारश्रेणीप्रमाणे पगार मिळतो, पण त्यासाठी बॅचलर्स आणि क्रेडेन्शियल (शिक्षकाचा परवाना) दोन्ही हवेत. बालशिक्षणाची २४ युनिट तिथेही कामाला येतात.

नोकरीआधी बोटांचे ठसे, टीबीची तपासणी, गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लसींचे दाखले लागतात. लसींचे जुने कागद नसतील तर रक्ताच्या तपासणीने गोवराची प्रतिकारशक्ती दाखवता येते, भारतातून कागद मागवत बसू नका.

कॉलेजचा अर्ज सीसीसी अप्लाय या वेबसाइटवर फुकट भरता येतो, प्रवेश परीक्षा नाही. पहिल्या सत्रात बालविकास आणि निरीक्षण हे दोन विषय घ्या (काही कॉलेजांत निरीक्षणाआधी बालविकास पूर्ण करावा लागतो, तसं असेल तर त्याऐवजी 'मूल, कुटुंब आणि समाज' घ्या). आणि ज्या कॉलेजच्या आवारात स्वतःचं बालकेंद्र आहे तेच निवडा. प्रॅक्टिकम तिथेच होतं, तुमचं काम रोज पाहणारी अनुभवी शिक्षिका बाजूला असते, आणि पहिल्या नोकरीसाठी शिफारस बहुतेक वेळा तिचीच लागते.